टाइटच शिवा, मी बारीक होणार आहे

ब्लाऊजचं माप घेताना मी समोरच्या बाईला एकच प्रश्न विचारायचे, "सैल हवा की फिटिंगचा?" सत्तावीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर असं, "टाइटच शिवा ताई, मी बारीक होणार आहे."

झालात की या, असं म्हणायची सोय नव्हती. धंदा होता. त्यामुळे नेरुळच्या सेक्टर मार्केटमधल्या माझ्या छोट्या गाळ्यात बसून मी अर्धं आयुष्य अशा बायकांसाठी शिवलं, ज्या अजून अस्तित्वातच नव्हत्या. माप घ्यायचं समोर उभ्या असलेल्या बाईचं आणि कापड बेतायचं तिच्या दोन महिन्यांनंतर येणाऱ्या बारीक बहिणीसाठी. ती बहीण क्वचितच यायची. आली तरी पाहुणीसारखी चार दिवस राहायची, आणि जाताना घरच्या बाईला दोन किलो भेट देऊन जायची.

शिवणकामात 'माया' नावाची एक गोष्ट असते. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. दोन्ही बगलांना इंच-दीड इंच कापड आत दुमडून ठेवायचं. बाई सुटली की आतली टीप उसवायची, पुढे नवी मारायची, ब्लाऊज मोठा झाला. बारीक झाली की याच्या उलट. माझ्या दुकानात नवं शिवण्यापेक्षा हे उसवायचं आणि आत घ्यायचंच काम जास्त. जानेवारीत आत घ्यायचे, मे महिन्यात सोडायचे. नवरात्राआधी आत, दिवाळीनंतर बाहेर. सगळी डाएटची कृपा. नवऱ्याची रबाळ्याची कंपनी दोनदा बंद पडली, माझं दुकान कधी बंद पडलं नाही.

मला वजनकाटा लागायचा नाही. काट्यावर बाई सकाळी उपाशीपोटी, बांगड्या काढून, श्वास रोखून उभी राहते. टेपला बांगड्यांशी काही देणंघेणं नसतं.

सबनीस मॅडम या धंद्याच्या आधारस्तंभ. बँकेत ऑफिसर, बोलणं मोजकं, स्वभाव कडक शिस्तीचा आणि डाएट दर सहा महिन्यांनी नवं. कोबीच्या सूपचं, नुसत्या अंड्यांचं, कॉफीत तूप घालून प्यायचं, दुपारी बारा ते रात्री आठच खायचं. एकदा भात विष होता, एकदा फळं विष होती आणि एका उन्हाळ्यात फळं सोडून बाकी सगळंच विष होतं. प्रत्येक वेळी त्या गंभीरपणे सांगायच्या, "ताई, हे डाएट नाही हां, ही लाइफस्टाइल आहे." ती लाइफस्टाइल साधारण सात आठवडे टिकायची. घरात मात्र नवऱ्याला आणि मुलीला रविवारी पुऱ्या तळून वाढायच्या आणि स्वतः ओट्याशी उभ्या राहून सूप प्यायच्या. तळलेल्या पुरीच्या वासात सूप पिऊन जी बाई सात आठवडे काढते, तिला सीमेवरच पाठवायला हवं.

माझ्या मापाच्या वहीत त्यांचं एक पान होतं. छत्तीस, चौतीस, सदतीस, पस्तीस, अडतीस. उतरताना दोन पायऱ्या, चढताना तीन. एकदा न राहवून मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि खुलून म्हणाल्या, "बघा! चौतीसपर्यंत आले होते मी!"

मॅडम एकट्या बारीक होत होत्या तोवर हे सगळं गमतीचं होतं. मग त्यांच्या ऋताचं लग्न ठरलं.

ऋता सव्वीस वर्षांची, ऐरोलीला कंपनीत कामाला. मोठ्याने हसणारी, भरल्या अंगाची, दोन पायऱ्या एकदम चढून दुकानात येणारी मुलगी. तिला लहानपणापासून फ्रॉक शिवलेले मी. साखरपुड्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले आणि कुठल्याशा आत्याने खाली लिहिलं, "वधू जरा भरलेली दिसतेय." बस. या चार शब्दांवर पुढचे चार महिने उभे राहिले.

मॅडम शालू घेऊन आल्या. मी ऋताचं माप घेतलं.

"अडतीस," मी म्हटलं.

"चौतीस लिहा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, टेप अडतीस दाखवतोय."

"टेपला लग्नाची तारीख माहीत नाही ना!"

ऋता हसली. तेव्हा ती अजून हसत होती.

तिच्यासाठी मोबाईलवरून बोलणारी एक कोच ठरवली होती. त्या कोचला ऋताने प्रत्येक ताटाचा फोटो पाठवायचा. फोटो काढायला ताटात काहीतरी लागतं. हिच्या ताटात काकडी असायची, सोबत पाण्यात कालवून प्यायची कसलीशी पावडर. पोळी बंद, भात बंद, डाळ वाटीच्या तळाला. पहिल्या ट्रायलला ती सदतीस झाली, दुसऱ्याला साडेपस्तीस. सोसायटीतल्या बायका तिला लिफ्टमध्ये थांबवून विचारायला लागल्या, "काय करतेस गं?" मॅडमची मान ताठ झाली. त्यांना आयुष्यात जे जमलं नव्हतं, ते मुलीकडून करून घेतलं होतं.

तिसऱ्या ट्रायलला ऋता चौतीस होती. मी हूक लावायला गेले तर तिच्या पाठीवरचे गळलेले केस माझ्या बोटांना गुंडाळले गेले. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि तिचे हात बर्फासारखे गार. मॅडमनी आरशात लेकीला मागून-पुढून पाहिलं आणि बगलेपाशी बोट ठेवलं.

"इथे जाड दिसतंय ताई. फिगर कळत नाहीये."

"आतली माया आहे ती."

"मग कापून टाका."

"मॅडम, माया कापायची नसते. पुढे लागली तर?"

"चौतीसच्या पुढे ती जाणारच नाही. मग कशाला हवीय?"

एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बोलायला बाहेर गेल्या. ऋता स्टुलावर बसली. हळूच म्हणाली, "काकू, काल स्वप्नात मी उभ्याउभ्या अख्खा मिसळपाव खाल्ला. जाग आली तर रडतच होते."

"का गं?"

"कोचला काय सांगू म्हणून."

तेव्हाच बाहेर जाऊन मॅडमला सांगायला हवं होतं की पोरगी आजारी पडतेय, हे थांबवा. माझी तेवढी ओळख होती, वय होतं. पण गिऱ्हाईक जुनं, लग्नाची मोठी ऑर्डर, आणि आपण पडलो शिंपी. मी म्हटलं, "थोडेच दिवस राहिले गं बाई." आणि मॅडम आत आल्यावर त्यांच्या देखत कात्री घेऊन दोन्ही बगलांची माया कापून टाकली. त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं. कापडाचं नाही.

त्यानंतर लग्नाला तीन आठवडे उरले आणि केळवणं सुरू झाली.

चार महिने काकडीवर ठेवलेल्या मुलीला आता रोज कुणी ना कुणी पाटावर बसवायचं, भोवती रांगोळी काढायची, समोर उदबत्ती लावायची आणि आग्रह करकरून पुरणपोळीवर तूप ओतायचं. पनवेलच्या मामाकडे एक, वाशीच्या मावशीकडे एक, ऑफिसच्या मैत्रिणींचं एक, सोसायटीच्या महिला मंडळाचं एक. नातेवाइकांना नाही म्हणायची मॅडमची टाप नव्हती. त्या ऋताला कानात सांगायच्या, "दोन घास खा आणि पुरे म्हण." मी काही डॉक्टर नाही, पण इतकं मला कळतं की ज्या अंगाला चार महिने नाही म्हटलंय, त्याला दोन घासांवर पुरे म्हणता येत नाही. ऋतालाही आलं नाही. नंतर तिनेच सांगितलं, "काकू, मला भूक लागायची म्हणून मी खात नव्हते. पुन्हा मिळणार नाही असं वाटायचं, म्हणून खात होते."

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसातला फोन आला. "ताई, असाल तशा हॉलवर या. हूक लागत नाहीयेत."

हॉल नेरुळमध्येच होता. मी सुईदोरा, कात्री आणि रोजचा डबा असलेली पिशवी उचलली आणि रिक्षा केली. वधूच्या खोलीत ऋता आरशासमोर उभी होती. ब्लाऊजच्या दोन कडांमध्ये चांगलं तीन बोटांचं अंतर. दोन बाजूंनी दोन मावश्या ओढत होत्या, पार्लरवाली मुलगी पिना हातात धरून खोळंबली होती आणि मॅडम एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "महिन्यापूर्वी बसत होता हो! महिन्यापूर्वी बसत होता!"

मी शिवण उलटून पाहिली. आत उसवायला काहीच नव्हतं. का नव्हतं ते मला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं आणि ऋतालाही.

"शालूच्या आतल्या टोकाची पट्टी कापावी लागेल," मी म्हटलं. "कमरेला खोचलं जातं ते टोक. दिसणार नाही. बगलेखाली जोडते."

"शालूला कात्री?" मॅडम किंचाळल्या.

"कापा काकू," ऋता म्हणाली. "मला श्वास घ्यायचाय."

एवढं बोलली आणि भिंतीला धरून खालीच बसली. ओठ पांढरे पडले होते. मावशीने पाणी दिलं. विचारलं तेव्हा कळलं, ब्लाऊज होणार नाही या भीतीने तिने दोन दिवस काही खाल्लंच नव्हतं. मी पिशवीतून डबा काढला. दोन पोळ्या आणि मेथीची भाजी होती.

"अहो, मुहूर्त लागेपर्यंत वधूचा उपास असतो!" मॅडम म्हणाल्या.

गिऱ्हाइकावर मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "मॅडम, चार महिने उपासच चाललाय तिचा. आज एक पोळी देवाला चालेल."

ऋताने जमिनीवर बसून, डोक्याला मुंडावळ्या बांधलेल्या, पहिली पोळी खाल्ली, मग दुसरी. खाताना रडत होती. पार्लरवालीने पुढे होऊन फक्त पाण्याचा ग्लास धरला, काजळाबद्दल बिचारी एक शब्द बोलली नाही. मी बाजूला बसून हाताने पट्ट्या जोडल्या. तासाभरात ब्लाऊज झाला आणि लग्न वेळेवर लागलं. अल्बममध्ये ऋता छान बारीक दिसते. फोटोग्राफरने केली. ते काम त्याने बसल्या जागी दोन मिनिटांत केलं, आणि काकडीशिवाय.

वर्ष-सव्वा वर्षानंतर ऋता दुकानात आली, एकटीच. लग्न करून ती नेरुळमध्येच राहत होती, दोन सेक्टर पलीकडे. मध्ये आणखी दोन डाएट होऊन गेली होती. एक कोचचं, एक ऑफिसातल्या चॅलेंजचं. मी टेप लावला. बेचाळीस.

"खरं माप लिहा काकू," ती म्हणाली. "आणि सैल शिवा. मी बारीक होणार नाहीये."

सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

त्या दिवशी दुकानात हिरामावशी बसल्या होत्या. मूळच्या सारसोळ्याच्या, खाडीवरच्या मासळी विकणाऱ्या घरातल्या. माझा गाळा त्यांच्याच मालकीचा. तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकलेली बाई. पुढे गावठाणात तीन मजली घर झालं, भाडेकरू आले, मुलांच्या गाड्या आल्या, पाटी सुटली. मग त्या इतक्या सुटल्या की दुकानाची एक पायरी चढताना दोघांचा हात लागायचा. पण गेली तीनेक वर्षं त्यांचं माप दर दिवाळीला थोडं थोडं उतरत होतं आणि उतरलेलं पुन्हा चढत नव्हतं. माझ्या वहीत अशी पानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

"मावशी, या पोरीला सांगा तुम्ही कुठलं डाएट केलंत," मी म्हटलं.

"डाएट? मी नाय केला ता." मावशी ऋताकडे वळल्या. त्यांच्या बोलीत गाडीची गारी होते, चढण्याचं चरणं आणि वाढण्याचं वारणं. "आयक गो पोरी. डोक्यावर पाटी व्हती तवा माजा अंग कवा वारला नाय. मग गारीनं हिंडाय लागली, लिफ्टनं चराय लागली. पन ताट मातर तेच, पाटीवालीचा. दोन मुदी भात! डॉक्टर बोल्ला गुडगे बदलू. मी बोल्ली, थांब जरा. आता सकाली जेट्टीवर चालत जाते, मासली घेते, चालत येते. भात एक मूद. रातचा जेवान दिवेलागणीला. भाडेकरू फरसान आनतात ता सुनंला देते."

"आणि दिवाळीत?" ऋताने विचारलं.

"दिवालीत करंजी खाते. एक. दुसरी दुसऱ्या दिवशी. करंजी काय पलून जाते?"

ऋता त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मावशी म्हणाल्या, "उद्या सकाली सारेसाला ये. ह्या सुनंदालापन आन. मशीनवर बसून बसून बग कशी झाली हाय."

हे माझ्याबद्दल होतं. दुसऱ्यांची मापं घेण्यात एक फायदा असतो, आपलं घ्यायला वेळ मिळत नाही. मला तेव्हा शुगर निघाली होती आणि गोळी घेऊन मी जिलेबी खात होते. मग आम्ही तिघी सकाळी साडेसहाला मार्केटपासून सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत चालायला लागलो. पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाटेत कठड्यावर बसले. ऋता मोबाईल काढून म्हणाली, "आजी, किती पावलं झाली बघू?" मावशी म्हणाल्या, "पावलां मोजतेस कनाला? ती बोट बग, मासली आली."

सबनीसांकडे मासळी शिजत नाही, तशीच ती ऋताच्या सासरीही नाही. त्यामुळे मावशींचं जेवण उचलायचा प्रश्नच नव्हता. ऋताने फक्त तिच्या घरचं साधं जेवण पुन्हा सुरू केलं. पोळी, भाजी, डाळ, एक मूद भात, वेळच्या वेळी, बसून. पावडरचे डबे टाकले. काहीच विष राहिलं नाही, त्यामुळे चोरून खायलाही काही उरलं नाही. हे इतकं नीरस होतं की कुणी तिला लिफ्टमध्ये थांबवून विचारलं नाही.

पहिले तीन महिने टेप हलला नाही. ऋता रडकुंडीला आली. "काकू, काहीच होत नाहीये." मी विचारलं, "केस गळतायत?" "नाही." "चक्कर?" "नाही." "मग काही होत नाहीये कसं म्हणतेस?" चौथ्या महिन्यात अर्धा इंच उतरला. मग मध्येच तिच्या सासूबाईंचं आजारपण आलं, पाव इंच परत चढला, पुन्हा उतरला. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षांनी ऋता अडतीसवर आली आणि तिथे थांबली. आजतागायत तिथेच आहे.

ते अडतीसचं माप घेतलं त्या दिवशी मॅडम सोबत होत्या. "अडतीस?" त्या म्हणाल्या. "एवढं दोन वर्षं चालून अडतीसच?"

मी वहीत अडतीस लिहिलं. लग्न ठरलं तेव्हा ही मुलगी अडतीसच होती, आणि तिथून तिला हाकलायला याच बाईने कोच ठेवली होती, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. माझंही थोडं सांगून टाकते. मी दोन इंचांनी उतरले, गोळी तेवढीच राहिली, वाढली नाही. डॉक्टर खूष आहेत. जिलेबी सुटली असं म्हणणार नाही. तिची आणि माझी भेट आता सणासुदीला होते.

पुढे मी दुकान आवरून करंजाड्याला मुलाकडे राहायला आले. त्याच्या थोडं आधी एका दुपारी मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीसारखा ऑफिसरचा नव्हता.

"ताई, मला शुगर निघालीय. त्या तुमच्या मासळीवाल्या बाई आहेत ना, ऋताच्या, त्या काय डाएट देतात? त्यांची अपॉइंटमेंट मिळेल का?"

मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सारेसाला ये म्हनावं. आन गारी घरी ठेव म्हनावं."

मॅडम आल्या. गाडीनेच आल्या. जेट्टीपाशी गाडी लावली, नवेकोरे बूट घालून आमच्याबरोबर दहा मिनिटं चालल्या आणि विचारलं, "आज किती कमी झालं असेल?" ऋताने माझ्याकडे पाहिलं, मी खाडीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या घरापासून चालत आल्या. तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. ऋता म्हणाली, "झालं काकू. आईचं असंच असतं. एक दिवस चुकला की सगळं सोडून देते, आणि मग पुढच्या सोमवारपासून नवं काहीतरी."

चौथ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा मॅडम जेट्टीच्या वळणावर उभ्या होत्या. लांबूनच बोलायला लागल्या, काल काय झालं, पाहुणे कसे आले, दोन गुलाबजाम कसे खाल्ले गेले, आता आज उपास करावा की नुसत्या ताकावर राहावं. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. साठीला आलेली बाई, शाळेला दांडी मारलेल्या मुलीसारखी सबबी सांगत होती.

हिरामावशींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग मॅडमचा हात धरला आणि म्हणाल्या, "काल नाय आली ता जाऊं दे गो. आज आलीस ना? चल."